होळकरांची केशरी गाडी

नांदेड जिल्ह्यातल्या एका शाखेत मी शेतीकर्जाचे टेबल सांभाळत होतो, तेव्हा माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात ट्रॅक्टरांची आरसी बुके रबर लावून रचून ठेवलेली असत. कर्ज फिटेपर्यंत गाडीवर बँकेचा बोजा, आणि बोजा उतरेपर्यंत पुस्तकाची एक नोंद आमच्या ताब्यात. नव्या ट्रॅक्टरचे पुस्तक कोरे असे. पण कुणी जुनी जीप घेऊन आला की त्या पुस्तकाची पाने मी चवीने चाळत असे. पहिला मालक हैदराबादचा कंत्राटदार, दुसरा उदगीरचा अडत्या, तिसरा देगलूरकडचा बागाईतदार. एका नावावर लाल रेघ, त्याखाली दुसरे नाव. कोण बुडाला, कोणाची वाटणी झाली, कोण मुलीच्या लग्नासाठी गाडी विकून मोकळा झाला, हे त्या चार ओळींत न लिहिता लिहिलेले असे. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, त्याचे थोडे श्रेय या पुस्तकांना द्यायला हरकत नाही.

याच खोडीपायी, लातूरला बदली झाल्यावर एका स्नेह्याच्या घरी इंग्रजी मोटार-मासिकांचा गठ्ठा चाळताना मी एका चित्रापाशी थांबलो. केशरी आणि काळ्या रंगाची, विलक्षण लांब, उघडी गाडी. बॉनेटच्या कुशीतून बाहेर आलेले जाडजूड चकचकीत नळ. खाली लिहिले होते, इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्यासाठी बनवलेली ड्यूसेनबर्ग. गाडी अमेरिकेत, मालक अमेरिकन.

आपल्याकडे होळकर म्हटले की अहिल्याबाई. वेरूळचे घृष्णेश्वर, आमच्या लातूर-नांदेडच्या मधल्या वाटेवरची परळी वैजनाथ, थेट काशीविश्वेश्वरापर्यंत जीर्णोद्धार हा शब्द ज्या घराण्याच्या नावाला कायमचा चिकटला, ते घराणे. त्या घराण्यातला शेवटचा राज्यकर्ता आणि ही केशरी गाडी यांची सांगड मला काही केल्या बसेना. ती बसवण्यासाठी पुढे मी बरेच वाचले. त्यातून हाती लागलेले हे आयुष्य.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा, इंदूरचा. वडील तुकोजीराव तिसरे. राज्य दहा हजार चौरस मैलांच्या आसपास, एकोणीस तोफांच्या सलामीचा मान. मुलाला लहानपणीच शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले होते. तो तिकडे असतानाच इकडे वडिलांची गादी गेली. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत मोटारीत असलेली मुमताज ही पूर्वी इंदूर दरबारातली नर्तकी. धागे इंदूरकडे जातात असा बोभाटा झाला. चौकशी आयोगाला सामोरे जा नाही तर गादी सोडा, असा पर्याय इंग्रज सरकारने ठेवला आणि तुकोजीरावांनी २६ फेब्रुवारी १९२६ ला गादी सोडली. सतरा वर्षांचा मुलगा महाराज झाला. पूर्ण अधिकार हाती यायला १९३० उजाडले. त्या काळात आपल्या आजोबा-पणजोबांनी हे बावला प्रकरण वर्तमानपत्रांतून इतके चघळले, की खुद्द यशवंतरावांविषयी फारसे कुणी काही वाचलेच नसावे. कर्तबगार बापाच्या सावलीत मुले झाकोळतात असे म्हणतात. इथे सावली बदनामीची होती, आणि ती जास्त लांब पडते.

ऑक्सफर्डला ख्राइस्ट चर्च कॉलेजात असताना दोन-तीन माणसे त्यांच्या आयुष्यात आली आणि त्यांनी या अबोल, उंच, तब्येतीने नाजूक तरुणाची दिशा ठरवली. एक एकार्ट म्यूथेसियस, बर्लिनचा तरुण वास्तुकार, महाराजांहून चारच वर्षांनी मोठा. दुसरे आँरी-पिएर रोशे, फ्रेंच लेखक आणि चित्रशिल्पांचे दर्दी. इतर संस्थानिक पॅरिसला जात ते जवाहिऱ्यांकडे. हे शिल्पकारांच्या कारखान्यात जाऊ लागले. सोबत पत्नी संयोगिताराजे असत. कागलच्या घाटगे घराण्यातल्या. लग्न १९२४ चे, म्हणजे दोघेही कोवळ्या वयातले. बर्नार बूते द माँव्हेल या चित्रकाराने महाराजांची दोन मोठी चित्रे केली आहेत. एकात ते काळ्या विलायती पोशाखात, खांद्यावर काळा झगा. दुसऱ्यात पांढरा मराठी दरबारी पेहराव, डोक्याला होळकरी पगडी, गळ्यात ते प्रसिद्ध पेअर-आकाराचे दोन हिरे. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की कोणता माणूस खरा, असा प्रश्न पडतो. मला वाटते दोन्ही.

१९३० ते ३३ या काळात म्यूथेसियसने इंदूरला माणिकबाग हा राजवाडा उभा केला. राजवाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतात त्या कमानी, घुमट, नक्षी यांतले काही नाही. सरळ रेषा, काच, पोलाद, वातानुकूलन. जर्मनीतून सामान जहाजाने मुंबईला यायचे आणि तिथून रेल्वेने इंदूरला. पॅरिसचे र‍्यूलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए अशांच्या हातची खुर्ची-टेबले, धातू आणि काचेचा पलंग, द सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे. हे सगळे माळव्याच्या उन्हाळ्यात! आपल्याकडे मराठवाड्यात त्याच वेळी निजामाची राजवट होती. जगातला सर्वांत श्रीमंत गणला जाणारा तो गृहस्थ साठवण्यात गुंतला होता. त्याची एक पिवळी रोल्स रॉईस, १९१२ ची, सिंहासनासारखी बैठक असलेली, हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आजही पाहायला मिळते. ती उभ्या आयुष्यात फारच थोडी चालली. निजामाने गाड्या ठेवल्या, होळकरांनी त्या चालवल्या.

आता त्या केशरी गाडीकडे येऊ.

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले दोघे भाऊ. सायकली दुरुस्त करता करता शर्यतीच्या मोटारी बनवू लागले. इंजिनाचे अस्सल कारागीर, पण हिशेबाला कच्चे. १९२६ मध्ये कॉर्ड नावाच्या उद्योजकाने त्यांची कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला सांगितले, जगातली सर्वोत्तम गाडी बनव, पैशाची काळजी करू नकोस. (बँकवाल्याच्या कानाला हे वाक्य धोक्याची घंटा वाटते.) १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला मॉडेल जे लोकांपुढे आले. रांगेत आठ सिलिंडर, सुमारे सात लिटरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, दोनशे पासष्ट अश्वशक्ती. नुसती चासी साडेआठ हजार डॉलरला. फोर्डची साधी गाडी तेव्हा पाचशे डॉलरच्या आसपास मिळत होती. १९३२ मध्ये सुपरचार्जर बसवलेले एसजे आले, तीनशे वीस अश्वशक्तीचे. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. लोहाराच्या भात्याने विस्तव फुलतो, तसे त्याने इंजिन फुलते. ते बॉनेटबाहेर काढलेले चकचकीत नळ म्हणजे याच गाडीची खूण. १९३५ मध्ये एसजेच्याच एका शर्यती अवताराने अमेरिकेतल्या मिठागरावर चोवीस तास सरासरी ताशी १३५ मैलांचा वेग राखला होता. फ्रेड मात्र ते पाहायला नव्हता. १९३२ मध्ये आपलीच गाडी चालवताना झालेल्या अपघातानंतर तो गेला.

यशवंतरावांनी मागवलेली गाडी एसजे, तीही लांब चासीवरची. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतरच जवळजवळ पावणेतेरा फूट. आपली अख्खी मारुती तेवढ्यात मावेल आणि वर थोडी जागा उरेल. चासी अमेरिकेची, पण बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यात चढली. स्टिअरिंग आपल्या सोयीचे, उजवीकडे. रंग केशरी आणि काळा. गाडी १९३६-३७ मध्ये तयार झाली. १९३७ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच बंद पडली. मंदीच्या लाटेत इतकी महाग गाडी घेणारे गिऱ्हाईक उरले नव्हते. सगळी मिळून पाचशेच्या आतच मॉडेल जे बनली.

इथे मला थांबून एक हिशेब मांडावासा वाटतो. अहिल्याबाईंनी जी देवळे आणि घाट बांधले ते दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, खासगीतून. होळकरांकडे या दोन वह्या पहिल्यापासून वेगळ्या. दौलत म्हणजे राज्याचा वसूल, खासगी म्हणजे राणीच्या नावची जहागीर आणि तिचे उत्पन्न. कादंबरीकार म्हणून मला अहिल्याबाईंची शिवपिंडी दिसते, पण बँकेचा माणूस म्हणून या दोन वह्यांपुढे मी हात जोडतो. मग यशवंतरावांची ड्यूसेनबर्ग कोणत्या वहीतली? खर्चाचा कागद कोणता का निघेना, शेवटी पैसा माळव्या-निमाडच्या कापसातून आणि गव्हातूनच आलेला. १९३१ च्या सुमारास त्या राज्यात तेरा लाखांवर माणसे राहत होती. त्यांतल्या बहुतेकांनी या गाडीचा धुरळाच पाहिला असणार. हे विसरून गाडीच्या सौंदर्याचे गोडवे गाणे मला जमत नाही. आणि हे लक्षात ठेवूनही ती गाडी सुंदर दिसते, हीच पंचाईत.

१९३७ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला फिरवून गेले. संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये आजारपणात वारल्या. वय तेवीसच्या आत-बाहेर. लहान मुलगी मागे. महाराजांनी शिल्पकार ब्रांकुझीकडून पक्षी या कल्पनेवरची तीन शिल्पे घेतली होती. एक काळ्या संगमरवराचे, एक पांढऱ्या, एक ब्राँझचे. त्यांच्यासाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले होते. ब्रांकुझी त्यासाठी १९३७ च्या अखेरीस बोटीने निघाला, इंदूरला पोहोचला. पण तो आला तेव्हा महाराजच तिथे नव्हते, आणि मंदिराचे कुणाच्या मनात उरले नव्हते. थोडे दिवस राहून तो परत गेला. देवळांच्या जीर्णोद्धारासाठी ओळखल्या जाणाऱ्या घराण्याच्या शेवटच्या राज्यकर्त्याचे एकमेव देऊळ असे कागदावरच राहिले.

पुढची लग्ने, पहिले मोडून दुसरे, दोन्ही अमेरिकन बायकांशी, हा भाग मी लवकर संपवतो. त्यात गप्पांचा मसाला भरपूर, पण माणूस हाती लागत नाही. एवढेच सांगायला हवे की १९४४ मध्ये मुलगा झाला, पण आई परदेशी म्हणून वारसा मुलीकडे गेला. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघडे पत्र लिहून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नात इतर राष्ट्रांनी मध्यस्थी करावी असे सुचवले. युद्ध चालू असताना, इंग्रजांच्या सलामीवर जगणाऱ्या संस्थानिकाने. याला धाडस लागते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या पत्राला ओळही मिळालेली नाही.

आणि क्रिकेट. याबाबत तरी इंदूरला त्यांचे नाव अजून निघते. सी. के. नायडूंना वडिलांनीच इंदूरला आणले होते, पण होळकर संघ बहरला तो यशवंतरावांच्या काळात. मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, पुढे भाऊसाहेब निंबाळकर. १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध चक्क डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा काढूनही सामना हरला. पुढच्याच हंगामात होळकरांनी करंडक जिंकला, आणि १९५३ पर्यंत एकूण चार वेळा. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक परभणीच्या हॉटेलात रेडिओभोवती घोळका करून या संघाचे धावफलक ऐकत.

२८ मे १९४८ ला मध्य भारत संघ झाला. शिंदे राजप्रमुख, होळकर उपराजप्रमुख. १९५६ मध्ये तेही पद संपले. दोन मोठे हिरे त्याआधीच, १९४६ मध्ये, न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनकडे गेले होते. ५ डिसेंबर १९६१ ला मुंबईत यशवंतराव वारले. वय त्रेपन्न.

त्यानंतर वस्तू निघाल्या. आपल्याकडे वाडा मोडला की आधी भांडी जातात, मग दारे-खिडक्या, शेवटी सागवानी तुळया. तसेच. ब्रांकुझीचे दोन संगमरवरी पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने घेतले, ब्राँझचा कॅलिफोर्नियात पॅसाडीनाच्या संग्रहालयात. माणिकबागेतले सामान १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात निघाले. खुद्द माणिकबाग सरकारजमा होऊन तिथे केंद्रीय अबकारी खात्याचे कार्यालय बसले. ड्यूसेनबर्ग समुद्र ओलांडून आपल्या जन्मदेशी परत गेली. त्या काळात संस्थानिकांच्या कितीतरी गाड्या अशाच गेल्या. तनखे १९७१ मध्ये बंद झाले, पेट्रोल महागले, सुटे भाग मिळेनात. कवडीमोलाने घेऊन जाणारे दारात उभे होते. आपल्याकडून जुन्या गाड्या बाहेर नेण्यावर बंधने आली, पण तोवर चांगल्यापैकी तबेला रिकामा झाला होता. जुन्या गाड्यांना सन्मानाने नंबर देण्याचे नियम तर केंद्राने २०२१ मध्ये केले. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी असेल तर तिला नंबरप्लेटवर व्हीए ही वेगळी अक्षरे. राज्याच्या अक्षरांमागून ती येतात.

या नियमातली मूळ स्वरूपातली ही अट मला फार महत्त्वाची वाटते. जुनी गाडी हाती आली की मालकाला पहिला मोह होतो तो तिला नवी करण्याचा. पत्रा बदल, रंग खरवड, क्रोम चढव, गादीला नवे कातडे. अमेरिकेत कित्येक वर्षे असेच चालले. कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्याहूनही चकाकणारी गाडी करायची आणि बक्षीस न्यायचे. मग जाणकारांच्या लक्षात आले की या हौसेत गाडीच नाहीशी होते. लाकडी सांगाड्यावरचा सुताराच्या तासणीचा माग, मालकाच्या कोपराने गुळगुळीत झालेली दाराची कड, मूळ रंगाचा खालचा थर, हेच तर त्या गाडीचे आरसी बुक. ते खरवडले की लाल रेघेखालची नावेच पुसली. आता नवी रीत आली आहे. टिकेल ते ठेवायचे. तुटेल तेवढेच बदलायचे. बदलले ते लपवायचे नाही, लिहून ठेवायचे आणि पुढेमागे काढता येईल असे बसवायचे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने याची सनदच केली आहे. तिला टुरिनची सनद म्हणतात. ड्यूसेनबर्गच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच नाजूक. त्या काळी एकाची बॉडी दुसऱ्याच्या चासीवर सर्रास चढे. त्यामुळे चासी, इंजिन आणि बॉडी पहिल्या दिवसापासून एकत्र आहेत की नाहीत, हे जाणकार आधी पाहतात. आम्ही सात-बारा पाहत असू, तसे.

हे वाचताना मला आमच्या भागातली हेमाडपंती देवळे आठवत राहिली. लातूरकडच्या एका गावात बाराव्या-तेराव्या शतकातल्या काळ्या दगडी देवळाला गावकऱ्यांनी वर्गणी काढून आतून-बाहेरून ऑइलपेंट दिला होता. खांबांवरच्या सुरसुंदरी गुलाबी आणि पोपटी. गाभाऱ्यात फरशी. बाहेर संगमरवरी पाटी, जीर्णोद्धार असे लिहिलेली, खाली देणगीदारांची नावे. भक्तीत खोट नव्हती. पैसेही घामाचे होते. पण पाटी वाचून माझ्या पोटात कालवले. उलट, किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या एका गावात एक म्हातारा पाहिला. त्याने ढिगाऱ्यातून आपल्या जुन्या घराची चौकट उकरून काढली होती आणि सरकारी सिमेंटच्या घराला ती बसवून घेतली होती. एक बाजू चिरलेली. तिथे त्याने लोखंडी पट्टी ठोकली होती, रंग न देता. टुरिनच्या सनदेचे नावही त्याने ऐकले नव्हते.

होळकरांच्या घरातही एक जीर्णोद्धार मनासारखा झाला, आणि तो या महाराजांच्याच मुलाने आणि सुनेने केला. महेश्वरला, अहिल्याबाईंच्या किल्ल्यात, मरत आलेल्या माहेश्वरी लुगड्यांचे माग त्यांनी पुन्हा चालू केले. वारशाने गादी न मिळालेल्या मुलाने. आज आपल्या बायका-मुली नांदेडच्या दुकानात हौसेने माहेश्वरी घेतात, तेव्हा त्या काठांमध्ये किल्ल्याच्या भिंतीवरची नक्षी विणलेली असते.

बँकेच्या प्रशिक्षणासाठी एकदा आठवडाभर इंदूरला गेलो होतो. रविवारी रिक्षा केली आणि माणिकबाग पाहायची म्हटले. रिक्षावाल्याने अबकारी कचेरी का, असे विचारले. फाटकाशी शिपायाने सुट्टी असल्याचे सांगून परत पाठवले. बाहेरूनच एक सपाट, पांढरी, झाडांत दडलेली इमारत दिसली. रस्त्याच्या बाजूला पोर्च, तिथे पूर्वी कोणत्या गाड्या येऊन थांबत असतील याचा मी अंदाज बांधत उभा राहिलो. परतीच्या वाटेवर रिक्षावाल्याला यशवंतराव महाराजांविषयी विचारले. नाव त्याला ठाऊक नव्हते. पण मधेच एका प्रचंड इमारतीसमोर गर्दीमुळे रिक्षा थांबली. खाटा, सलाईनच्या बाटल्या धरून उभे असलेले नातेवाईक, निमाडकडून आलेले कष्टकरी, केळीच्या गाड्या. हे काय, म्हणून विचारले तर तो म्हणाला की हे एमवाय, इथे गरिबांवर उपचार होतात, त्याची मुलगी इथेच जन्मली. मी पाटीकडे पाहिले. महाराजा यशवंतराव रुग्णालय.